फायबरची घिसाई

१

गडचांदूरात गाड्या रंगवणं म्हणजे पिठाच्या गिरणीत बसून काळा कोट जपण्यासारखं आहे. चुनखडीचे ट्रक दिवसभर रस्त्यावरून जातात आणि त्यांची धूळ जेवणाच्या ताटापासून देवाच्या डोक्यापर्यंत सगळीकडे बसते. ओल्या रंगावर तर ती निमंत्रण दिल्यासारखी येते. म्हणून माझा दिवस पाण्यानं सुरू व्हायचा. शेडची जमीन भिजवायची, तिन्ही बाजूंना टांगलेल्या गोणपाटांवर पाणी मारायचं आणि मगच कॉम्प्रेसरला हात लावायचा. माझा बाप तळ्यात जाळं टाकायचा. मी रंगकाम शिकायला निघालो तेव्हा तो म्हणाला होता, "कुठीबी जाय मुखरू, आपला धंदा पान्याचाच." म्हाताऱ्याचं खरं झालं.

या कामाला मी कंटाळलो होतो हे आधीच सांगून टाकतो. इतकी वर्षं थिनर हुंगून माझं नाक केव्हाच मेलं होतं. भाजी करपून कोळसा झाली तरी मला पत्ता लागत नसे, आणि माझी बायको गोकुळा त्याचा फायदा घेऊन तीच भाजी मला वाढत असे. आमचं घर शेडच्या मागेच, मधे फक्त एक कुडाची भिंत. इकडे मी पॉलिशकागद घासायला लागलो की तिकडे भांडी सुद्धा कुरकुरतात, असं गोकुळा म्हणायची. घरात तिसरी आचल, आमची पोरगी. लग्नानंतर फार उशिरा, आम्ही दोघांनी आशा सोडल्यावर झालेली. ही गोष्ट घडली तेव्हा ती चौथीत होती. या जगात मला कंटाळा न आलेली ती एकच गोष्ट होती.

चैत्र लागला आणि चिमूरचा भूपेश त्याची गाडी घेऊन आला. याचं तिकडे कापडाचं दुकान. गाडी छोटी, दोन दारांची, बदामी रंगाची, आणि सगळी बॉडी फायबरची. असल्या गाड्या तेव्हाही क्वचितच दिसायच्या. बॉनेटवर, छतावर, डाव्या दारावर रंगाला फोड आले होते. काही मसुराएवढे, काही चिंचोक्याएवढे.

"बहिणीचं लगन हाय जेठात," भूपेश म्हणाला. "नवरदेव याच्यातच आनाचा हाय मले. एकदम टकाटक पायजे, मुखरूभाऊ."

मी बॉनेटवरून हात फिरवला आणि माझं डोकं फिरलं. आधीच्या पेंटरनं फोड काढलेच नव्हते. घासले नव्हते, टोचले नव्हते. तसेच ठेवून वरून चक्क ब्रशनं रंग लावला होता, आणि तोसुद्धा एकदा नव्हे, थरावर थर. फोडाच्या कडेकडेनं, हलक्या हातानं, लहान पोराच्या डोळ्यात काजळ घालावं तसा.

"कोनत्या गाढवानं केलं हे?" मी विचारलं.

"मले काय मालूम? मी तं आत्ताच घेतली," भूपेश म्हणाला आणि बसस्टँडकडे चालता झाला. मी वळून पाहिलं तर आचल मागच्या सीटवर जाऊन लवंडलीही होती.

"बाबा, इथी किती थंड लागते!" ती म्हणाली.

२

फायबरचं दुखणं सोपं आहे. फायबर पाणी पितो. ते पाणी आतून रंगाखाली येतं, ऊन लागलं की फुगतं, आणि रंगाला फोड येतो. त्याचा इलाजही ठरलेला. फोड टोचायचा, पाणी काढायचं, उघड्या फायबरपर्यंत घासायचं, आणि तेही कोरडंच, कारण पाणी लावून घासलं की तो पुन्हा पाणी पितो. मग बरेच दिवस उन्हात वाळवायचं. पुढे रेझिन, खड्डे बुजवायची लांबी, प्रायमर, रंग. कोरड्या घिसाईची धूळ मात्र जीव घेते. तिच्यात काचेचे बारीक तंतू असतात, दिसत नाहीत पण बोटांच्या बेचक्यांत शिरले की दिवसभर खाज. म्हणून घासण्याआधी मी हातांना खोबरेल तेल चोपडून घेत असे. सिमेंटच्या धुळीत जन्म गेला माझा, पण ती हाताला कोरडं करते, अशी खाजवत नाही.

मी डाव्या हेडलाइटच्या वरचा एक फोड निवडला आणि दाभणानं टोचला. सकाळची वेळ होती, गाडी रात्रभर सावलीत होती. पाणी बोटावर आलं ते कोमट होतं.

उन्हाळा आहे, मी मनाशी म्हटलं. पण बॉनेटला हात लावला तर ते गार. फायबरमधल्या पाण्याला आंबूस वास असतो, हे मला माझं नाक जिवंत असतानाच्या काळापासून ठाऊक होतं. याला तो वास नव्हता. पण वास होता. मी बोट नाकाजवळ नेऊन किती तरी वेळ उभा राहिलो. मेलेल्या नाकाला हा वास येत होता आणि तो ओळखीचा होता, पण कशाचा ते काही केल्या आठवेना. शेवटी बोट फडक्याला पुसलं आणि ती जागा घासून काढली.

आतली साफसफाई करताना पायपोसाखाली कडुनिंबाच्या वाळक्या काड्या निघाल्या. पानं गळून चुरा झालेली, नुसत्या काड्या, पण भरपूर. सीटखाली, मागच्या डिकीत, सगळीकडे. लोक धान्यात, कपड्यांत किडे होऊ नयेत म्हणून निंब ठेवतात, त्यातलाच हा प्रकार असणार असं समजून मी त्या झाडून टाकल्या.

हेडलाइटवरची जागा वाळवून मी लांबी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट भिजवून आत आलो तर लांबीला फोड आला होता. त्याच जागी, तेवढाच. हार्डनर जुना होता, दुसरं काय! मी दुकानदाराला दोन शिव्या हासडल्या, लांबी खरवडली, आणि गाडी उन्हात ढकलून दुसऱ्या एका जीपचं काम हातात घेतलं. फायबरला वाळू द्यायचं, घाई करायची नाही, असा माझा हिशेब.

गाडी उन्हात बरेच दिवस उभी राहिली. गावातलं टिनाचं छप्पर त्या उन्हात हात पोळेल इतकं तापायचं, पण ही गाडी आतून गारच. शाळेला सुट्टी लागली होती. आचल रोज दुपारी जेवून मागच्या सीटवर जाऊन झोपायची. गोकुळा कुरकुरायची, पण घरात पंखा वीज असेल तेव्हाच फिरायचा, आणि वीज कधी असायची हे फक्त देवाला माहीत. मीच म्हणायचो, "झोपू दे ना, थंडगार हाय तिथी."

३

आचलला ताप चढला तेव्हा आधी ऊन लागलं असं वाटलं. कांदा ठेचून तळपायाला लावला. दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्याखाली लाल ठिपके दिसले आणि शेजारची कलाबाई पाहायला आली. कलाबाईनं आपली सहा आणि गावातली किती तरी पोरं वाढवली. तिनं नुसतं दारातून पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला.

"माता आली, बाई," ती गोकुळाला म्हणाली. "भेवाचं काम नाई. पाहुनी हाय थे, आपल्या पावलानं येते अन् आपल्या पावलानं जाते. फोडनी देऊ नको, तळन तळू नको. घरात सुई नाई चालवाची, वस्तरा नाई लावाचा. अन् फोडाले कोनी हात नाई लावाचा. थंड ठेवा, निंब ठेवा. बस."

आमच्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही. गोकुळानं दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला, आचलच्या अंथरुणात पाला पसरला. फोडणी बंद झाली, मी दाढी सोडली. दवाखान्यातही जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, कांजण्या आहेत, साथ आहे, ताप उतरेल, फक्त पोरीला खाजवू देऊ नका. म्हणजे कलाबाई जे बोलली तेच.

काम मात्र थांबवता येत नव्हतं. भूपेशचा दोनदा निरोप आला होता. घरात सुई चालवायची नाही, पण शेड काही घर नव्हे, असं मी माझ्या सोयीनं ठरवलं. गाडी शेडमध्ये ढकलली, तेल चोपडलं, कोरडा कागद घेतला आणि डाव्या दाराच्या कोपऱ्यावर घासायला बसलो. खर्र, खर्र. थोडा वेळ झाला असेल, तर भिंतीपलीकडून आचलचा आवाज आला.

"बाबा... कोन घासून राह्यलं?"

"मीच हावो माय. झोप तू."

"नको ना घासू बाबा."

आवाजाचा त्रास होतोय तिला, असं वाटलं. तापात माणसाला उंदराचं पाऊल सुद्धा वाजतं. मी कागद ठेवून दिला आणि आत गेलो. ती कुशीवर पडली होती, डावा दंड उजव्या हातानं झाकून. मी वाकून तिच्या कपाळाला ओठ लावले आणि तसाच थांबलो.

तापलेल्या लेकराच्या टाळूचा वास. त्या दिवशी दाभण टोचल्यावर माझ्या बोटाला आलेला वास तोच होता. माझ्या मेल्या नाकाला एवढा एकच वास का यावा, हा प्रश्न मला पडला आणि मी तो तिथेच सोडून बाहेर आलो. खरं सांगतो, मला भीती वाटली.

४

दुपारी गोकुळा शेडमध्ये माझं ताट घेऊन आली. आळणी वरण आणि भात. ताट ठेवून ती जाईल असं वाटलं, पण ती गाडीपाशी उभी राहिली. एवढे दिवस गाडी अंगणात होती, पण तिनं धड पाहिलीही नव्हती. ती गाडीभोवती हळू फिरली, मग स्टुलावर चढून तिनं छत पाहिलं.

"काय पाहून राह्यली?" मी विचारलं.

"इथी मधात फोड नाईत," ती म्हणाली.

छताच्या मधोमध मागून पुढपर्यंत एक उंचवटा होता. फायबर तिथे जाड असतो, मजबुतीसाठी काचेच्या तंतूंची मॅट दुप्पट लावलेली असते, म्हणून पाणी कमी पितो. मी तिला ते सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"आचलच्या पाठीवर पाहा," ती म्हणाली. "मनक्यावर एकबी नाई. दोन्हीकडनं भरलं हाय अन् मधात बोटभर पट्टी साफ."

"सगळ्यायलेच तसे येत असन."

"असन." ती स्टुलावरून उतरली आणि बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर, हेडलाइटच्या वर, मी खरवडलेल्या लांबीवर बोट ठेवलं. "हे तुमी फोडलं का?"

"त्याले तं बरेच दिस झाले."

"तिच्या डाव्या भुवईवरचा फोड फुटला हाय. बाकी सगळे साबूत हायेत, थो एकच पयल्यापासून फुटलेला. मी म्हटलं हिनं खाजवला. पन थे म्हणते, मी हात नाई लावला."

मला हसू आलं, म्हणजे मी हसलो. "अवं, गाडीले कांजण्या होत असत्या तं सरकारनं गाडीले टोचलं नसतं?" असं काहीतरी बोललोही. एरवी गोकुळा माझ्या फालतू विनोदाला परतफेड केल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी मात्र जाताना तिनं माझं दाभण उचललं आणि पदरात गुंडाळून नेलं.

५

दाभण नेलं म्हणून काय झालं, पेंटरच्या शेडमध्ये टोकदार वस्तूंना तोटा नसतो. मला या विचाराचा निकाल लावायचा होता. मी अडाणी नाही. दहावी झालो आहे, रेझिनच्या डब्यावरचं सगळं वाचता येतं. फायबर, पाणी, ऊन. कांजण्या, साथ, ताप. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि वेगळ्या आहेत हे पाहायला एक फोड पुरे होता.

भर दुपार होती. रस्त्यावर ट्रकसुद्धा थांबले होते, ड्रायव्हर खाली सावलीत झोपले होते. भिंतीपलीकडे आचल झोपली होती. गोकुळा तिला निंबाच्या डहाळीनं वारा घालत होती, तो पाल्याचा सळसळ आवाज मला येत होता. मी डाव्या दाराच्या खालच्या कडेला एक अगदी लहान फोड शोधला. कुणाच्या लक्षातही येणार नाही असा. तारेचं टोक त्याला लावलं आणि थोडा थांबलो. मग दाबलं.

आचल किंचाळली.

पाल्याचा आवाज थांबला. गोकुळा म्हणत होती, "काय झालं माय? सपन पडलं का? दाखव, दाखव मले." आणि आचल रडत म्हणत होती, "टोचलं. इथी टोचलं." इथी म्हणजे कुठे, ते मी विचारायला गेलो नाही. माझ्या बोटावर कोमट पाणी ओघळत होतं.

झोपेत लेकरं किंचाळतात. तापात तर हमखास. एकदाच झालं, म्हणजे योगायोग. खात्री करायची तर आणखी एकदा टोचून पाहायला हवं होतं. आणखी एकदा टोचलं असतं तर मला पक्कं कळलं असतं, इकडे किंवा तिकडे. पण कोणता बाप ते करील? मी तार दूर नाल्यात फेकून आलो. त्या दिवसापासून मला काहीच पक्कं माहीत नाही, आणि माझी सगळी झोप त्या न टोचलेल्या दुसऱ्या फोडापाशी अडकली आहे.

६

मी घासणं बंद केलं. गाडी शेडच्या अगदी आतल्या कोपऱ्यात घेतली, भोवती ओली गोणपाटं टांगली. गोकुळानं कडुनिंब आणला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे न पाहता तो सीटवर, डिकीत, बॉनेटवर पसरला. मी झाडून टाकलेल्या त्या वाळक्या काड्या मला आठवल्या. गाढव म्हणून मी ज्याला शिव्या दिल्या त्याच्या ब्रशचा तो हलका हातही आठवला, आणि मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

चहावाला लच्छू डोकावला आणि हसला. "मुखरूभाऊ, गाडीले माता आली का?"

"रंग सुकवून राह्यलो," मी म्हणालो. "तू आपला चहा उकळ."

आचलचा ताप उतरला. फोड सुकले, काळे पडले, खपल्या आपोआप गळू लागल्या. शेडमध्ये गाडीचे फोडही बसत चालले होते. सकाळी गोणपाट भिजवायला जावं तर खाली बदामी रंगाचे बारीक पापुद्रे पडलेले दिसायचे. मी ते झाडत नसे. कलाबाईनं दिवस सांगितला, तेव्हा गोकुळानं आचलला निंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, मातामायच्या देवळात दहीभात ठेवला, पाणी वाहिलं. उरलेलं पाणी तिनं लोट्यातून आणून गाडीच्या चाकांवर ओतलं. पोरगी पुन्हा अंगणात उड्या मारायला लागली. सगळं अंग साफ निघालं. फक्त डाव्या भुवईवर एक खड्डा राहिला आणि डाव्या दंडाच्या खाली सुईच्या टोकाएवढा एक पांढरा ठिपका.

आणि मग भूपेश आला. गाडी आहे तशीच, उलट जास्तच भिकारी दिसत होती. त्याचा पारा चढणारच.

"हे काय हो, मुखरूभाऊ? महिनाभर काय करून राह्यले तुमी?"

"फायबर ओला हाय अजून," मी म्हणालो. "ओल्यावर घासलं तं बॉडी जाते. इथीच असू द्या. लगनासाठी मी तुमाले दुसरी गाडी पाहून देतो, अम्बॅसेडर."

"मले हेच पायजे. तुमच्यानं होत नाई तं सांगाचं ना पयलेच."

मी विषय बदलावा तसं विचारलं, "ही कोनाची होती, भूपेश?"

"एका बाईची. सोनीबाई नाव तिचं, तिकडं एटापल्लीच्या रस्त्यावर घर हाय. मागं शेडात उभी होती किती सालापासून. पोरगी होती तवरोक थे बाई गाडीले हातबी लावू देत नोती म्हणे कोनाले. घासू नका, घासू नका, हेच मलेबी सांगे."

"होती म्हंजे?"

"आता नाई," भूपेश म्हणाला आणि किल्ली मागितली.

मी त्याला खरं सांगायला तोंड उघडलं होतं. काय सांगणार होतो? माझ्या पोरीची पाठ तुझ्या गाडीचं छत आहे? गोकुळा दारात उभी होती. ती पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "भाऊ, रंगवाची असन तं वरूनच रंगवा. ब्रशनं. पन घासू नका." भूपेशनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघंही कामातून गेलो असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. गाडी त्याची होती. मी रस्त्यात आडवा पडलो असतो तर पोलिसांनी मलाच उचललं असतं. आचल फाटकाशी उभी राहून गाडीला हात हलवत होती.

७

काही दिवस मी काम केलं नाही. शेडला कुलूप होतं. मग एका दुपारी मला राहवेना, म्हणून बसस्टँडसमोरच्या एसटीडीवर जाऊन चिमूरला भूपेशच्या दुकानात फोन लावला. त्याच्या भावानं उचलला.

"थो नागपूरले गेला ना काल, गाडी घेऊन. तिथी मशीननं करते म्हणे. पूर्ण बॉडी घासून पांढरी करते अन् मंग नवीन रंग. लगनाले या बरं का!"

मी कोणत्या गॅरेजात, कोणत्या भागात, असं विचारत राहिलो. त्याला माहीत नव्हतं. नागपूर काय लहान गाव आहे? मी फोन ठेवला आणि घराकडे निघालो. ऊन मी म्हणत होतं. मी चालत होतो की धावत, ते आठवत नाही. मनात मात्र एकच घोकत होतो, की फायबर वेगळा, लेकरू वेगळं. एकदाच किंचाळली होती ती, आणि झोपेत सगळीच लेकरं किंचाळतात.

घरात वीज गेलेली होती, पंखा बंद. रस्त्यावर ट्रक नव्हता, शेडला कुलूप होतं, त्याची किल्ली माझ्या खिशात होती. गोकुळा तांदूळ निवडत बसली होती. आचल चादरीवर पालथी पडली होती. डोळे उघडे.

"काय झालं माय?" मी विचारलं.

"बाबा, कोन घासून राह्यलं?"

मी गोकुळाकडे पाहिलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"कोनीच नाई," मी म्हणालो. "पाहा, माहे हात पाहा. मी तं बाहेरून येऊन राह्यलो."

"मंग आवाज काऊन येते?"

आम्ही तिघंही ऐकत राहिलो. मला काहीही ऐकू आलं नाही. एक कावळा बोलला, लांब कुणीतरी हापशी हापसत होतं, बस. मी तिच्याजवळ बसलो आणि तिचा फ्रॉक वर करून पाठ पाहिली. पाठ चांगली होती. डाग नाही, लाली नाही, मणक्याच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ, सुंदर कातडी. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तिच्या पाठीवर सगळीकडे पांढरी बारीक धूळ बसली होती, एवढंच. चादरीवरही तिच्या दोन्ही अंगांनी तीच धूळ सांडली होती.

गडचांदूरात धूळ कुठे नसते? मी ती तळहातानं पुसली. "आत्ताच झटकली मी चादर," गोकुळा म्हणाली. मी पुन्हा पुसली. ती पुन्हा होती. पुसता पुसता आधी बोटांच्या बेचक्यांत, मग मनगटाला, मग सगळ्या हाताला खाज सुटली, आणि मी खाजवत तसाच बसून राहिलो.

गोकुळानं माझ्या हातांकडे पाहिलं. ती उठली, फळीवरून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि काही न विचारता माझ्यापुढे ठेवली.

"बाबा," आचल उशीत तोंड घालून म्हणाली, "त्यायले सांग ना, हळू घासा म्हणा."